काळ्या खिडकीतून दूरचा संगणक : सॉफ्टवेअर बसवणं आणि रिमोट डेस्कटॉप

मागच्या व्याख्यानात आपण लिनक्सच्या टर्मिनलशी ओळख करून घेतली. फोल्डर कसं बदलायचं, फाइल कशी वाचायची, परवानग्या म्हणजे काय, इथवर आलो होतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की हे सगळं माउसने होतंच की, मग ही काळी खिडकी कशाला? त्याचं उत्तर आज देते. संगणक तुमच्या समोर टेबलावर असेल, तर माउस उत्तमच. तोच संगणक अडीचशे किलोमीटरवर असला, की काळ्या खिडकीची किंमत कळते.

सुरुवातीला एक सूचना. आज्ञा मी तोंडाने सांगणार आहे आणि या लेखी रूपात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेल्या आहेत. टाईप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांतच करायच्या. 'मायनस' म्हणजे छोटी आडवी रेघ. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन. उदाहरणं डेबियनची आहेत. उबुंटू किंवा मिंट वापरत असाल तर जवळजवळ सगळं तसंच चालेल, कारण ती दोन्ही डेबियनच्याच घराण्यातली.

आता एक गोष्ट सांगते, माझीच आहे. कोकणात आमच्या गावी एक छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे एक जुना संगणक आहे, त्यावर मी लिनक्स बसवून दिलं. पुस्तकांची यादी, सभासदांची वर्गणी, कोणी काय नेलं, सगळं त्यात. सांभाळायची जबाबदारी माझ्याकडे, आणि मी राहते पुण्यात. ग्रंथपाल काकूंचा फोन यायचा. "काकू, वरच्या कोपऱ्यात काय दिसतंय?" "अगं, काहीच नाही, नुसतं गोल फिरतंय." असा अर्धा अर्धा तास जायचा. शेवटी एका रविवारी गावी गेले असताना मी घाईघाईत रिमोट डेस्कटॉप बसवला. राउटरवर ५९०० क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या जगासाठी खुलं केलं, सोपा पासवर्ड ठेवला आणि बस पकडली.

आठवडाभर मजा आली. पुण्यात बसून काकूंचा पडदा मला दिसायचा. मग एका दुपारी काकूंचा फोन. "अगं, तू आत आलीयेस ना? बाण आपोआप हलतोय. म्हटलं तुझं काम चाललंय, म्हणून मी हात लावला नाही."

मी तेव्हा रिक्षात होते.

"काकू, राउटरची वायर काढा. आत्ताच्या आत्ता."

त्या दिवशी कोण आत आलं होतं आणि काय घेऊन गेलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. संगणक पूर्ण पुसून नव्याने उभा करावा लागला. बॅकअप पंधरा दिवसांपूर्वीचा होता, त्यामुळे मधल्या नोंदी काकूंनी वहीवरून पुन्हा भरल्या. सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर त्यात होते. तेव्हा समितीसमोर उभं राहून मला सांगावं लागलं, की चूक माझी आहे. पण मला सगळ्यात लागलं ते काकूंचं वाक्य. त्यांनी हात लावला नाही, कारण त्यांना वाटलं की मीच आहे. माझ्यात आणि अनोळखी माणसात फरक करायला मी त्यांच्याकडे काही साधनच ठेवलं नव्हतं.

म्हणून आज नुसत्या आज्ञा सांगणार नाही. दूरच्या यंत्रावर काहीही करताना तीन प्रश्न विचारायची सवय लावायची आहे. हे सॉफ्टवेअर आलं कुठून? ते कोणाच्या अधिकाराने चालतंय? आणि त्याने कुठलं दार उघडलं? मी त्या रविवारी तिसरा प्रश्न विचारला नाही. बाकीचं तुम्ही ऐकलंत.

पहिला प्रश्न : आलं कुठून?

विंडोज वापरणाऱ्यांची सवय अशी असते, की सॉफ्टवेअर हवं असेल तर संकेतस्थळ शोधायचं, फाइल उतरवायची आणि डबल क्लिक करायचं. लिनक्समध्ये पद्धत वेगळी. तुमच्या वितरणाचं स्वतःचं एक भांडार असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. डेबियन १९९३ साली इयन मरडॉक यांनी सुरू केलं. आज जगभरचे स्वयंसेवक त्यातली हजारो पॅकेजं सांभाळतात. भांडारातून पॅकेज आणून बसवणारी एपीटी ही व्यवस्था डेबियनच्या २.१ या आवृत्तीत, म्हणजे १९९९ साली आली. त्याआधी एका पॅकेजला दुसरं लागायचं, दुसऱ्याला तिसरं, आणि ते सगळं माणसाने हाताने शोधायचं. एपीटी ती साखळी स्वतः सोडवते.

पहिली आज्ञा 'सुडो एपीटी अपडेट'. इथे नवखे हमखास फसतात. अपडेट म्हटल्यावर वाटतं, सॉफ्टवेअर नवं झालं. तसं नाही. वाचनालयाच्या भाषेत सांगायचं तर अपडेट म्हणजे सूची नवी आणणं. पुस्तक अजून कपाटात आलेलं नाही. पुस्तकं आणायची आज्ञा 'सुडो एपीटी अपग्रेड'. आधी सूची, मग पुस्तकं, हा क्रम कायमचा लक्षात ठेवा.

काय हवं ते शोधायला 'एपीटी सर्च', त्याची माहिती वाचायला 'एपीटी शो', बसवायला 'सुडो एपीटी इन्स्टॉल' आणि पुढे पॅकेजचं नाव. काढायला 'रिमूव्ह'. रिमूव्ह केल्यावर संगणकावरच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात. त्याही काढायच्या तर 'पर्ज'. आणखी एक आज्ञा फार कमी लोक वापरतात, ती म्हणजे 'एपीटी पॉलिसी' आणि पॅकेजचं नाव. कुठली आवृत्ती बसलेली आहे, कुठली मिळू शकते आणि कुठल्या भांडारातून, हे ती दाखवते. आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

आता विश्वास कशावर ठेवायचा? भांडारात एक मुख्य फाइल असते, तिच्यावर डेबियनच्या किल्लीने डिजिटल सही केलेली असते. त्या फाइलमध्ये पॅकेज-याद्यांचे ठसे असतात, आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा ठसा. ठसा म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ती बदलते. म्हणजे एका सहीपासून प्रत्येक पॅकेजपर्यंत साखळी जाते. वाटेत कोणी पॅकेज बदललं तर एपीटी अडून बसते. सही जुळत नाही असा इशारा आला, तर तो कसा टाळायचा हे शोधू नका. थांबा आणि कारण बघा.

आता याच्या उलट टोक बघा. एखादं पान सांगतं, ही एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा. ती ओळ 'कर्ल'ने इंटरनेटवरून एक स्क्रिप्ट उचलते आणि थेट 'सुडो बॅश'च्या हवाली करते. तुम्ही ती वाचलेली नाही, तिच्यावर सही नाही, आणि ती संपूर्ण अधिकाराने चालणार आहे. असं काही करणं भागच असेल, तर आधी फाइल उतरवून घ्या, 'लेस'ने उघडून वाचा, मग ठरवा. सगळं कळणार नाही, पण ती कुठे हात घालते आहे एवढं दिसतं.

आणि सहीची मर्यादाही सांगितली पाहिजे. वाटेत कोणी हात घातला नाही, एवढीच हमी सही देते. उगमालाच विष कालवलं असेल तर सही त्याच्यावरही होते. मार्च २०२४ मध्ये नेमकं हेच उघडकीला आलं. एक्सझेड नावाची फाइली आवळणारी एक साधी लायब्ररी आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. जिया टॅन हे नाव लावणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ तिच्यात चांगलं काम करून विश्वास मिळवला, आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदार बसवलं. ते एसएसएचमधून आत शिरण्यासाठी होतं. पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसच्या कामातले अभियंते दुसरंच काहीतरी मोजत होते. एसएसएचने लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं, आणि त्यांनी माग काढला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलं नव्हतं. चाचणीच्या आवृत्त्यांत पोचलं होतं. म्हणून वाचनालयाच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या संगणकावर स्थिर आवृत्तीच ठेवावी. नवं कोरं सगळं आपल्या लॅपटॉपवर करून बघा, दुसऱ्याच्या कामाच्या यंत्रावर नको.

दुसरा प्रश्न : कोणाच्या अधिकाराने?

'सुडो' म्हणजे ही एक आज्ञा मुख्य अधिकाऱ्याच्या, म्हणजे रूटच्या, हक्काने चालव. सॉफ्टवेअर बसवायला तो हक्क लागतो, कारण ते सगळ्यांसाठी बसतं. पण बसवलेलं सॉफ्टवेअर चालवायला तो लागत नाही. रिमोट डेस्कटॉप सुडोने चालवू नका. तो साध्या खात्यातून चालला पाहिजे, म्हणजे उद्या कोणी त्यातून आत आलंच, तरी त्याच्या हातात त्या खात्यापुरत्याच किल्ल्या पडतील. माझ्या गोष्टीत काकूंचं खातं सुडोवालं होतं. ही माझी दुसरी चूक.

कोणी काय बसवलं याचा हिशेबही राहतो. 'व्हार', 'लॉग', 'एपीटी' या फोल्डरात 'हिस्टरी डॉट लॉग' नावाची फाइल असते. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या आज्ञेने कुठलं पॅकेज आलं किंवा गेलं, ते तिथे लिहिलेलं असतं. सांभाळायला घेतलेल्या संगणकावर महिन्यातून एकदा ती वाचावी. काकू जशी देवघेवीची वही तपासतात, तशी.

तिसरा प्रश्न : कुठलं दार?

दूरच्या यंत्रात शिरायचं मुख्य दार म्हणजे एसएसएच. हे आलं कसं? १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड कोणीतरी चोरून ऐकले. त्या काळी टेलनेट वापरायचे आणि त्यात पासवर्ड उघडाच जायचा. तिथले तातू इलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. टेलनेटचं पोर्ट २३, एफटीपीचं २१. मधलं २२ मोकळं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. आजही एसएसएच २२ वरच असतं.

दूरच्या यंत्रावर 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर' केलं, की आपल्याकडून 'एसएसएच', पुढे वापरकर्त्याचं नाव, ॲट आणि यंत्राचा पत्ता, एवढं लिहून आत जाता येतं. पहिल्यांदा ते विचारतं, या यंत्राचा ठसा असा असा आहे, पुढे जायचं का? आपण सगळे डोळे मिटून 'येस' म्हणतो. खरं तर तो ठसा आधी त्या यंत्रावर बघून लिहून ठेवायचा आणि ताडून बघायचा. आणि पुढे कधीतरी ठसा बदलल्याचा मोठा इशारा आला, तर मुख्य शक्यता दोन असतात. एक तर ते यंत्र नव्याने बसवलंय, नाही तर मध्ये कोणीतरी उभं आहे.

पासवर्डऐवजी किल्ली वापरा. 'एसएसएच-कीजेन मायनस टी ईडी२५५१९' म्हटलं की किल्लीची जोडी तयार होते. एक खाजगी, ती तुमच्याकडेच. एक सार्वजनिक, ती 'एसएसएच-कॉपी-आयडी'ने दूरच्या यंत्रावर ठेवायची. किल्लीने आत जाता येतंय याची खात्री झाली, की एसएसएचच्या सेटिंगमध्ये पासवर्डने लॉगिन बंद करा. सेटिंग बदलल्यावर 'सुडो एसएसएचडी मायनस टी' चालवा, चूक असेल तर ती तिथेच सांगते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे करताना पहिली खिडकी बंद करायची नाही. दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघायचं, जमलं तरच पहिली बंद. फायरवॉलचंही तेच. 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच' आधी, 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल' नंतर. क्रम उलटा झाला तर बसलोय तीच फांदी तोडली म्हणून समजा. मग कोकणची बस. (हशा)

आणखी एक छोटी गोष्ट. दूरच्या यंत्रावर अपग्रेड चालू आहे आणि इंटरनेट गेलं, तर काम अर्ध्यात तुटतं. म्हणून आत गेल्यावर आधी 'टीमक्स' चालवा आणि अपग्रेड त्यात करा. जोडणी तुटली तरी काम तिथे चालू राहतं. परत आत जाऊन 'टीमक्स अटॅच' म्हटलं की तीच खिडकी समोर. तरीही पॅकेज अर्धवट राहिलंच, तर 'सुडो डीपीकेजी मायनस मायनस कॉन्फिगर मायनस ए' बहुतेक वेळा गाडी रुळावर आणते.

आता डेस्कटॉप. लिनक्सच्या चित्रमय पडद्यामागे बरीच वर्षं एक्स विंडो सिस्टिम आहे. ती १९८४ साली एमआयटीत सुरू झाली, आणि एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दाखवणं तिच्यात सुरुवातीपासूनच होतं. आजही 'एसएसएच मायनस मोठा एक्स' म्हणून आत गेलात, तर दूरचा एखादाच प्रोग्रॅम आपल्या पडद्यावर उघडता येतो. पण अख्खा डेस्कटॉप हवा असेल तर व्हीएनसी. हे केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात तयार झालं. कल्पना सोपी. दूरच्या पडद्याचे चौकोन उचलून इकडे पाठवायचे, आणि इकडचा माउस-कीबोर्ड तिकडे.

त्याचं पोर्ट ५९०० अधिक पडद्याचा क्रमांक. पडदा शून्य म्हणजे ५९००, पडदा एक म्हणजे ५९०१. आणि इथेच धोका आहे. मूळ व्हीएनसीत पडद्यावरचं काही कूटबद्ध होत नाही, आणि त्याच्या पारंपरिक पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात. तुम्ही वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवून निर्धास्त झोपलात, तरी कुलूप आठांचंच.

"एवढ्या मोठ्या जगात आमचं छोटं वाचनालय कोण शोधणार?" असं मला तेव्हा वाटलं होतं. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचं साधन दाखवलं. एका साध्या सर्व्हरवरून, गिगाबिटच्या जोडणीवर, या सगळ्या पत्त्यांवरचं एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासता येतं. म्हणजे कोणी आपल्याला शोधत नसतं. प्रत्येक दार आळीपाळीने ढकलून बघितलं जातं; उघडं असेल ते सापडतं.

म्हणून नियम असा, की व्हीएनसीचं दार बाहेर उघडायचंच नाही. ते यंत्राच्या आतल्या आत ठेवायचं आणि तिथपर्यंत एसएसएचच्या बोगद्यातून जायचं. दूरच्या यंत्रावर 'सुडो एपीटी इन्स्टॉल', पुढे 'एक्सएफसीई४' हा हलका डेस्कटॉप आणि 'टायगरव्हीएनसी-स्टँडअलोन-सर्व्हर'. मग साध्या खात्यातून 'व्हीएनसीसर्व्हर मायनस लोकलहोस्ट येस', पुढे विसर्गचिन्ह आणि १. पहिल्यांदा तो पासवर्ड ठरवायला सांगेल. आता आपल्या यंत्रावर 'एसएसएच मायनस मोठा एल ५९०१ विसर्ग लोकलहोस्ट विसर्ग ५९०१', पुढे नाव आणि पत्ता. याचा अर्थ असा, की माझ्या ५९०१ वर जे येईल ते बोगद्यातून नेऊन तिकडच्या ५९०१ वर सोड. ही खिडकी चालू ठेवून व्हीएनसी पाहणारा प्रोग्रॅम उघडायचा आणि पत्ता द्यायचा 'लोकलहोस्ट विसर्ग ५९०१'. पडदा समोर येईल. काम झालं की 'व्हीएनसीसर्व्हर मायनस किल विसर्ग १'.

आणि लगेच तपासणी. दूरच्या यंत्रावर 'सुडो एसएस मायनस टीएलएनपी'. कुठलं पोर्ट कोण ऐकतंय, ते दिसतं. ५९०१ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर दार आतल्या आत आहे. चार शून्यं दिसली, म्हणजे ०.०.०.०, तर ते सगळ्यांसाठी उघडं आहे. ही एक आज्ञा मी त्या रविवारी चालवली असती, तर आजचं व्याख्यान दहा मिनिटांनी कमी झालं असतं.

दार आतून

आता राहिला काकूंचा प्रश्न. वर सांगितलेला डेस्कटॉप नवा, वेगळा असतो. काकूंना त्यांच्या समोर जे दिसतं तो नव्हे. त्यांना मदत करायची तर त्यांचाच पडदा मला दिसायला हवा. त्यासाठी 'एक्स११व्हीएनसी' हे पॅकेज आहे, ते चालू पडदाच वाटून देतं. 'मायनस लोकलहोस्ट' आणि 'मायनस यूजपीडब्ल्यू' लावून चालवायचं. त्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही, तर पाहणारा बाहेर पडला की तेही बंद पडतं.

पण पुण्याहून मी त्या यंत्रापर्यंत पोचू कशी? आता गावातल्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, आणि राउटरवर पोर्ट उघडायची माझी हिंमतही नाही. उपाय म्हणजे उलटा बोगदा. भाड्याने घेतलेला एक छोटा सर्व्हर मध्ये ठेवला. वाचनालयाचा संगणक स्वतःहून त्याच्याकडे जातो. 'एसएसएच मायनस मोठा एन, मायनस मोठा आर ५९०० विसर्ग लोकलहोस्ट विसर्ग ५९००', पुढे सर्व्हरवरचं नाव आणि पत्ता. मी पुण्याहून त्याच सर्व्हरकडे 'मायनस मोठा एल'चा साधा बोगदा टाकते, आणि दोघी मध्ये भेटतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये सर्व्हरवरचं ते ५९०० बाहेरून दिसत नाही. मात्र तो मधला सर्व्हर आपल्याच हातातला हवा, कारण एका बोगद्यातून दुसऱ्यात जाताना पडदा तिथे क्षणभर उघडा असतो.

या दोन आज्ञा मी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहिल्या आणि काकूंच्या डेस्कटॉपवर एक चिन्ह ठेवलं. नाव दिलं 'मदत हवी'. काकू मला फोन करतात, माझा आवाज ऐकतात, मग त्या चिन्हावर क्लिक करतात. एक खिडकी उघडते. ती उघडी आहे तोवरच मी आत येऊ शकते. बंद केली, की बोगदा गेला. आता बाण आपोआप हलला आणि ती खिडकी उघडी नसेल, तर काकूंना पक्कं माहीत आहे, की ही मी नव्हे. वायर काढायला त्यांना आता माझ्या फोनची गरज नाही.

तंत्र म्हणाल तर दोन ओळींचं. पण आधी दार मी बाहेरून उघडून ठेवलं होतं, आता ते काकू आतून उघडतात. दुसऱ्याच्या संगणकात शिरायची सोय करताना हा फरक राखायलाच हवा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : माझ्या उबुंटूवर एक्स११व्हीएनसी चालतच नाही. पडदा सापडत नाही म्हणतं.

उत्तर : बहुतेक तुमच्याकडे वेलँड आहे. ते एक्सच्या जागी आलेलं नवं तंत्र, २००८ पासून त्यावर काम चालू आहे. त्यात एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचा पडदा सहज बघता येत नाही, आणि ते मुद्दाम तसं आहे. टर्मिनलमध्ये 'एको डॉलर एक्सडीजी सेशन टाइप' असं विचारा. डॉलरच्या पुढचं सगळं मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये खालची रेघ. वेलँड आलं तर ग्नोमच्या सेटिंगमधली रिमोट डेस्कटॉपची सोय वापरा, ती आरडीपीवर चालते आणि तिचं पोर्ट ३३८९. ते वेगळं असलं तरी नियम तोच. राउटरवर उघडायचं नाही, बोगद्यातूनच जायचं.

प्रश्न : एवढं करण्यापेक्षा मोबाइलवर मिळतात ती तयार ॲप सोपी नाहीत का?

उत्तर : सोपी आहेत, आणि काही चांगलीही आहेत. पण तिथेही तेच तीन प्रश्न. "बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका आणि आलेला नंबर सांगा," असे फोन तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आले असतील. त्या ॲपमध्ये दोष असेलच असं नाही. दार आपण आतून उघडलं, पण पलीकडे कोण आहे हे बघितलं नाही. रिझर्व्ह बँकेनेही २०१९ साली बँकांना अशा गैरवापराबद्दल सावध केलं होतं. आपण फोन केला असेल तरच दार उघडायचं. समोरून फोन आला असेल तर नाही. घरातल्या मोठ्यांना आज एवढं एक वाक्य सांगा.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? माझ्याकडे दुसरा संगणक नाही.

उत्तर : एकाच संगणकावर करता येतं. ओपनएसएसएच-सर्व्हर बसवा आणि 'एसएसएच लोकलहोस्ट' म्हणून स्वतःच्याच घरी पाहुणे म्हणून जा. किल्ली बनवून बघा, बोगदा टाकून बघा, आणि शेवटी 'सुडो एसएस मायनस टीएलएनपी' चालवून येणारी प्रत्येक ओळ वाचा. जी ओळ कळणार नाही ती लिहून आणा. पुढच्या व्याख्यानात आपण बॅकअप घेणार आहोत, पंधरा दिवसांपूर्वीचा नव्हे, कालचा. त्याआधी तुमच्या ओळी बघू.